५२ मीटर प्रति सेकंद, पण कुठल्या तुकड्यात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात म्हणून हाताची एनसीव्ही तपासणी झाली, म्हणजे नर्व्हमधून (चेतेतून) संदेश किती वेगाने जातो हे मोजलं. रिपोर्टमध्ये मीडियन नर्व्हचा, म्हणजे मनगटातून अंगठा आणि शेजारच्या बोटांकडे जाणाऱ्या नर्व्हचा, वेग ५२ मीटर प्रति सेकंद आला आणि त्यापुढे 'नॉर्मल' असा शेरा आहे. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. तारेतली वीज क्षणात पोचते, मग शरीरातली वीज इतकी सावकाश का जाते? एकाच नर्व्हला मनगटावर एकदा आणि कोपरात एकदा असे दोन शॉक कशाला दिले, एकच देऊन अंतराला वेळेने भागता आलं नसतं का? आणि वेग चांगला आहे तर मुंग्या का येतात?

तुमची खरी अडचण तिसरा प्रश्न आहे, पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट कळली की तिसऱ्याचं उत्तर बरंचसं हाती येतं. मी बरीच वर्षं हीच तपासणी करतो आणि शिकवतो. तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज 'वेग' या एका रकान्यामुळे होतात, असं माझं मत आहे. तो आकडा वजाबाकी करून काढलेला असतो, आणि त्या वजाबाकीत काय काय गळून पडलं हे रिपोर्टवर कुठेच लिहिलेलं नसतं. एक आधीच सांगतो: तुमचा हात मी तपासलेला नाही आणि तुम्ही रिपोर्टमधला एकच आकडा दिला आहे. त्यामुळे तुम्हाला अमुक आजार आहे किंवा नाही, असं मी म्हणणार नाही. आकडा वाचायचा कसा, एवढं मात्र सांगू शकतो.

तारेपासून सुरुवात करू. तांब्याची तार विजेची उत्तम वाहक असते आणि तिच्यावरचं वेष्टन गळती होऊ देत नाही. चेतापेशीचा लांब धागा, म्हणजे अक्षतंतू, या दोन्ही बाबतींत फार कमी पडतो. त्याच्या आत क्षारयुक्त द्रव असतो आणि जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी. त्यामुळे आतून जाणाऱ्या प्रवाहाला प्रचंड विरोध होतो. भोवतीचं पटल अतिशय पातळ आणि काहीसं गळकं असतं. एका टोकाला दिलेला विजेचा धक्का तसाच सोडून दिला, तर तो काही मिलिमीटरांतच विरून जाईल. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचं मीटरभर अंतर त्याला कधीच कापता येणार नाही. म्हणून अक्षतंतू संदेश वाटेत पुन्हा पुन्हा नव्याने तयार करत राहतो. प्रत्येक वेळी नव्याने तयार करायला थोडा वेळ लागतो, आणि शरीरातली वीज 'सावकाश' जाण्याचं मुख्य कारण तेच.

नव्याने तयार करायचा म्हणजे काय? स्वस्थ असताना पटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. सोडियम बाहेर जास्त आणि पोटॅशियम आत जास्त, हा फरक पटलातला पंप टिकवून धरतो. दर फेरीला तो सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. शेजारच्या जागेवरून प्रवाह आला आणि आतला ऋणभार उणे ५५ मिलिव्होल्टच्या आसपास घसरला, की पटलातल्या सोडियमच्या मार्गिका एकदम उघडतात. सोडियम आत घुसतो, आतली बाजू क्षणभर अधिक ३० मिलिव्होल्टच्या घरात जाते, मग त्या मार्गिका आपोआप बंद होतात आणि पोटॅशियम बाहेर पडून सगळं पूर्ववत होतं. एका जागेवरचा हा सगळा प्रकार साधारण १ मिलिसेकंदात उरकतो. तोवर आत आलेल्या धनभाराने पुढची जागा जागी झालेली असते. यालाच आपण आवेग म्हणतो.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनाही पुन्हा पुन्हा सांगावी लागते. मनगटावर आत शिरलेला सोडियमचा आयन अंगठ्यापर्यंत धावत जात नाही. आयन पटलातून आत-बाहेर जातात, तंतूच्या लांबीच्या दिशेने त्यांची हालचाल अगदी थोडी असते. पुढे सरकते ती पटलाची बदललेली अवस्था. आणि ती पुढेच का सरकते, मागे का नाही? कारण मागच्या जागेवरच्या सोडियमच्या मार्गिका नुकत्याच बंद झालेल्या असतात आणि थोडा वेळ काही केल्या उघडत नाहीत. मात्र आम्ही नर्व्हच्या मधोमध शॉक देतो तेव्हा दोन्ही बाजूंची जागा ताजीतवानी असते, म्हणून आवेग दोन्हीकडे धावतो. एक बोटांकडे, एक मणक्याकडे. याचा उपयोग पुढे येईल.

हे सगळं आकड्यांनिशी मांडलं ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी. स्क्विड या सागरी प्राण्याच्या राक्षसी अक्षतंतूवर त्यांनी काम केलं, त्यांचे मुख्य निबंध १९५२ मध्ये आले आणि १९६३ चं नोबेल पारितोषिक त्यांना जॉन एकल्स यांच्याबरोबर मिळालं. स्क्विडच निवडण्याचं कारण साधं होतं. त्याचा हा तंतू मिलिमीटरभर जाड असू शकतो, म्हणजे आत इलेक्ट्रोड घालता येतो. पण आपल्या विषयासाठी त्याच्या वेगाकडे पाहा: सेकंदाला साधारण २०-२५ मीटर. तंतू जाड झाला की आतला विरोध कमी होतो आणि वेग वाढतो, पण उघड्या तंतूत वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. दुप्पट वेग हवा तर चौपट जाडी हवी.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ही अडचण मायलिनने सुटली. तंतूभोवती चरबीयुक्त पटलाचे वेढ्यावर वेढे पडतात, गळती थांबते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पटलावर साठवावा लागणारा विद्युतभार खूप कमी होतो. साधारण दर मिलिमीटरला, बारीक तंतूंत त्याहूनही जवळजवळ, मायलिनमध्ये एक अगदी छोटी उघडी फट राहते. ही रॅनव्हिएरची पेरं. सोडियमच्या मार्गिका तिथे दाटीवाटीने असतात, आणि आवेग नव्याने तयार होतो तो फक्त तिथे. मायलिन असलेल्या तंतूत वेग जाडीच्या सरळ प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेब असा की जाडी जितके मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग), त्याच्या सहापट मीटर प्रति सेकंद वेग. १० मायक्रोमीटर जाडीचा तंतू सेकंदाला ६० मीटरच्या आसपास जातो. मिलिमीटरभर जाडीच्या एका स्क्विड-तंतूच्या छेदात असे सुमारे १०,००० तंतू बसतील, आणि त्यातला प्रत्येक जण त्याच्या दुपटीहून वेगवान असेल. आपल्या हातात एवढी बारीक कामं करणाऱ्या इतक्या नर्व्ह मावतात त्या यामुळेच.

आवेग एका पेरावरून दुसऱ्या पेरावर 'उड्या मारत' जातो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यातून एक चुकीचं चित्र मनात बसतं: एका वेळी एकच पेर पेटलेलं, बाकी सगळी शांत. हिशेब करून बघा. सेकंदाला ५० मीटर म्हणजे मिलिसेकंदाला ५० मिलिमीटर. पेरं १-१ मिलिमीटरवर धरली तर एका पेरावरून पुढच्यावर जायला लागतात २० मायक्रोसेकंद, म्हणजे मिलिसेकंदाचा पन्नासावा भाग. पण एका पेरावरचा आवेग तर मिलिसेकंदाच्या घरात टिकतो. म्हणजे पहिलं पेर शांत होईपर्यंत पुढची कित्येक पेरं जागी झालेली असतात. कोणत्याही क्षणी आवेग नर्व्हच्या काही सेंटिमीटरांवर पसरलेला असतो. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एखाद-दुसऱ्या पेराजवळचं मायलिन बिघडलं तरी आवेग का थांबत नाही आणि तो फक्त उशिरा का पोचतो, हे यावरून कळतं. मागच्या बऱ्याच पेरांचा प्रवाह एकत्र पुढे ढकलत असतो. बिघाड फार वाढला तरच तो तिथे अडतो.

नर्व्ह म्हणजे एक तंतू नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. मीडियन नर्व्हमध्ये हजारो तंतू असतात आणि त्यांचे वेग फार वेगवेगळे. स्नायूंना जाणारे आणि स्पर्श, सांध्यांची जाणीव आणणारे जाड तंतू सगळ्यात वेगवान. टोचल्याची तीक्ष्ण कळ आणि गारवा आणणारे बारीक, पातळ मायलिनचे तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटरने जातात. जळजळ, ठसठस, ऊब आणणाऱ्या तंतूंवर मायलिन नसतंच, त्यांचा वेग ०.५ ते २ मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढा. पायाचं बोट कशावर तरी आपटलं की आधी एक झणका येतो आणि जवळजवळ सेकंदाने खरी वेदना पसरते, ती याच फरकामुळे. तंतूंची ही वर्गवारी जोसेफ अर्लांगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी ऑसिलोस्कोप वापरून केली, त्यांना १९४४ चं नोबेल मिळालं. पुस्तकात '१२० मीटर प्रति सेकंद' वाचून येणाऱ्यांना ५२ हा आकडा कमी वाटतो. ते मोठे आकडे मुख्यतः मांजरावरच्या प्रयोगांतून आलेले आहेत. माणसाच्या हातात ५० ते ७० आणि पायात ४० च्या पुढे, हे आमच्या रोजच्या कामातलं निरोगी चित्र.

आता दोन शॉकचा प्रश्न. तो नवा नाही. योहानेस म्युलर यांच्यासारख्या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाला वाटत होतं की नर्व्हमधला वेग मोजताच येणार नाही, इतका तो जास्त असणार. त्यांचाच विद्यार्थी हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये तो मोजून दाखवला, तोही बेडकाच्या पायातल्या नर्व्हच्या काही सेंटिमीटरांच्या तुकड्यावर. उत्तर आलं सेकंदाला साधारण २७ मीटर. त्याच्या हुशारीचं मर्म मला उपकरणापेक्षा पद्धतीत दिसतं. नर्व्हला शॉक दिल्यापासून स्नायू आकसेपर्यंतचा वेळ मोजला, तर त्यात स्नायूने स्वतः घेतलेला वेळही मिसळलेला असतो आणि तो वेगळा काढता येत नाही. म्हणून त्याने आधी स्नायूजवळ शॉक दिला, मग दूर दिला, आणि दोन वेळांतला फरक घेतला. स्नायूचा वेळ दोन्हींत सारखाच, तो वजाबाकीत उडून गेला. उरला तो फक्त मधल्या तुकड्यातला प्रवास.

तुमच्या हातावर नेमकं हेच झालं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यातल्या स्नायूच्या मध्यावर एक इलेक्ट्रोड चिकटवला असेल आणि दुसरा थोडा पुढे, स्नायूच्या टोकाशी. मग मनगटावर ०.१ किंवा ०.२ मिलिसेकंदाचा शॉक दिला. तो हळूहळू वाढवत नेतात. पडद्यावरची लाट वाढायची थांबली की सगळे तंतू जागे झाले असं समजायचं, आणि त्याच्याही वर आणखी २०-३० टक्के जायचं, म्हणजे एकही तंतू सुटल्याची शंका राहत नाही. शेवटचे एक-दोन शॉक जास्त झोंबतात ते त्यामुळे. शॉकपासून लाट सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. मग तेच सगळं कोपराच्या घडीत करायचं, आणि दोन जागांमधलं अंतर त्वचेवर टेपने मोजायचं.

आकडे घालून बघू. समजा मनगटावरून लेटन्सी आली ३.६ मिलिसेकंद आणि कोपरावरून ७.८. मधलं अंतर २१८ मिलिमीटर. फरक ४.२ मिलिसेकंद. २१८ भागिले ४.२ म्हणजे ५१.९. मिलिमीटर भागिले मिलिसेकंद म्हणजेच मीटर प्रति सेकंद, एकक बदलायची गरज नाही. झाला तुमचा ५२.

तुम्ही म्हणता तसं एकाच शॉकवर भागलं असतं तर? मनगटावरच्या शॉकच्या जागेपासून स्नायूपर्यंत साधारण ७० मिलिमीटर धरा. कोपरापासून एकूण अंतर २८८, वेळ ७.८, उत्तर ३७. एका पूर्ण निरोगी नर्व्हला आपण आजारी ठरवलं असतं. नुसत्या मनगटाच्या शॉकवर तर ७० भागिले ३.६, म्हणजे १९. मग हा वेळ जातो कुठे? नर्व्ह स्नायूत शिरताना तिच्या शाखा होत जातात, तंतू बारीक होतात, शेवटी मायलिनही संपतं, तिथे वेग फार पडतो. त्यापुढे नर्व्ह आणि स्नायू यांच्या सांध्यावर विद्युत संदेशाचं रसायनात रूपांतर व्हावं लागतं: ॲसिटिलकोलीन सुटणार, पलीकडे पोचणार, स्नायूच्या पटलावर नवा आवेग उठणार. यातच मिलिसेकंदाच्या आसपास वेळ खर्च होतो. हा सगळा वेळ दोन्ही लेटन्सींमध्ये सारखा असतो, म्हणून वजाबाकीत जातो.

संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या मोजणीत मध्ये असा सांधा येत नाही. बोटाला शॉक द्यायचा आणि मनगटावर नर्व्हचीच लाट टिपायची, किंवा उलट. तिथे एका लेटन्सीवरूनही वेग काढता येतो. अडचण एवढीच की स्नायूची लाट मिलिव्होल्टमध्ये असते आणि संवेदनेची मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट बारीक. बऱ्याचदा अनेक शॉकची सरासरी घ्यावी लागते. म्हणून त्या वेळी 'हात अगदी सैल सोडा' असं आम्ही सारखं म्हणत असतो.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. वरच्या उदाहरणात दुसरा हात घ्या. मनगटावरून लेटन्सी ५.४, कोपरावरून ९.६, अंतर तेच २१८. फरक पुन्हा ४.२, वेग पुन्हा ५२. दोन्ही हातांच्या वेगाच्या रकान्यात एकच आकडा येईल. पण दुसऱ्या हातात मनगटापासून स्नायूपर्यंत जायला पहिल्यापेक्षा १.८ मिलिसेकंद जास्त लागतात, आणि बहुतेक प्रयोगशाळा तिथे ४.४ च्या आसपास वरची मर्यादा मानतात. या हातात मीडियन नर्व्ह मनगटाच्या बोगद्यात दबलेली असण्याची दाट शक्यता आहे. कार्पल टनेल म्हणतात ते हेच. जी वजाबाकी आपण स्नायूचा वेळ काढून टाकण्यासाठी केली, तिने मनगटाच्या पुढचा सगळा तुकडा काढून टाकला, आणि अडचण नेमकी त्याच तुकड्यात होती. कोपर ते मनगट हा रस्ता मोकळा आहे, एवढंच ५२ सांगतो.

म्हणून रात्रीच्या मुंग्यांसाठी आलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये मी आधी वेगाकडे बघतच नाही. आधी मनगटाची लेटन्सी, आणि त्याहीआधी संवेदनेच्या ओळी, कारण दबलेल्या नर्व्हमध्ये संवेदनेचे तंतू सहसा आधी कुरकुरतात. माझी आवडती चाचणी अनामिकेची. या बोटाला अंगठ्याकडून मीडियन आणि करंगळीकडून अल्नर, अशा दोन नर्व्हचा पुरवठा असतो. एकाच बोटावर, एकाच अंतरावर, एकाच तापमानाला दोघींचा वेळ मोजायचा. मीडियनला ०.५ मिलिसेकंद किंवा जास्त उशीर झाला तर तो उशीर मनगटातला, याबद्दल फारशी शंका उरत नाही. इथे माणूस स्वतःच स्वतःचं माप ठरतो. वय, उंची, गार हात, सगळं दोन्ही बाजूंना सारखं.

गार हातांवरून आठवलं, कारण चुकीच्या रिपोर्टचं सगळ्यात सामान्य कारण तेच आहे. हाताचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला साधारण २ मीटरने कमी येतो आणि मनगटाची लेटन्सी ०.२ मिलिसेकंदाने वाढते. चार अंशांनी गार हात घेऊन आलेला निरोगी माणूस सहज आजारी ठरू शकतो. गारव्यात सोडियमच्या मार्गिका सावकाश उघडतात आणि जास्त वेळ उघड्या राहतात. त्यामुळे लाट उशिरा येते पण उंच येते, ही त्याची खूण. उशीर आहे आणि उंची मात्र भरघोस आहे असं दिसलं, की मी आधी हात गरम करून घेतो आणि पुन्हा मोजतो. त्वचेचं तापमान हातावर ३२ आणि पायावर ३० अंश सेल्सिअसच्या खाली नको. तापमानावरून आकडा 'दुरुस्त' करण्याची सूत्रं आहेत, पण दबलेली किंवा आजारी नर्व्ह त्या सूत्रांप्रमाणे वागेलच याची खात्री नसते. पाच-दहा मिनिटं हात शेकणं केव्हाही बरं.

अंतर मोजण्यातली चूकही तितकीच महागात पडते. १० सेंटिमीटरच्या तुकड्यात १ सेंटिमीटर चुकला तर वेग १० टक्क्यांनी चुकला. कोपराजवळ अल्नर नर्व्ह तपासताना हात सरळ ठेवला तर नर्व्ह आत सैल, दुमडलेली असते. त्वचेवरचं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि नर्व्ह विनाकारण मंद दिसते. म्हणून तिथे कोपर वाकवून, तपासणीभर त्याच स्थितीत ठेवून मोजतात. शॉक देणाऱ्या दोन टोकांपैकी कॅथोड, म्हणजे ऋण टोक, स्नायूकडे असावा लागतो. ती टोकं दोन्ही वेळा उलटी धरली गेली तर लेटन्सी ०.४ मिलिसेकंदाच्या आसपास वाढते, पण वेग मात्र बरोबर येतो, कारण चूकही वजाबाकीत निघून जाते. वेग बरोबर आला म्हणून बाकीचे आकडे बरोबर, असं धरता येत नाही.

वेगाच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. लेटन्सी आपण लाट जिथे सुरू होते तिथे मोजतो, म्हणजे सगळ्यात आधी पोचलेल्या तंतूंची. धावण्याच्या शर्यतीत फक्त पहिल्या आलेल्याची वेळ नोंदवावी, तसं हे आहे. मागचे निम्मे धावपटू मैदानातच कोसळले तरी नोंदवलेली वेळ बदलत नाही. मधुमेहासारख्या आजारात अक्षतंतू झिजत जातात, पण थोडे जरी जाड तंतू शाबूत असले तरी वेग बराच काळ ठीकठाक राहतो. अशा वेळी कमी होते ती लाटेची उंची, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड. ती किती तंतू पोचले हे सांगते. उलट मायलिन बिघडलं की तंतू असतात पण सगळेच रेंगाळतात. वेग फार पडतो, लेटन्सी लांबते, लाट पसरट होते. मायलिनच्या आनुवंशिक आजाराच्या एका मोठ्या गटात, म्हणजे शार्को-मारी-टूथ प्रकार १ मध्ये, हाताचा वेग ३८ च्या खाली असतो. नुसते तंतू कमी होऊन वेग सहसा इतका खाली जात नाही. म्हणून उंची आणि वेग हे दोन रकाने मी नेहमी शेजारी ठेवून वाचतो.

आणि बारीक तंतू? जळजळ, ऊब, गारवा आणणाऱ्या तंतूंची लाट इतकी लहान आणि इतकी उशिरा येते की या तपासणीत ती दिसतच नाही. तळपायांची आग होते आणि एनसीव्ही मात्र स्वच्छ, असे लोक मी नेहमी बघतो. त्यांना 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्यासाठी त्वचेच्या छोट्या तुकड्यातले तंतू मोजणं किंवा ऊब-गारव्याची जाणीव कितीला सुरू होते हे मोजणं, अशा वेगळ्या तपासण्या आहेत.

कोपराच्या वरचा रस्ता तपासायचा तर मघाशी म्हटलेला उलटा आवेग उपयोगी पडतो. मनगटावर शॉक दिला की तो मणक्यापर्यंत जातो, तिथल्या काही चेतापेशी उलटून एक आवेग परत पाठवतात, आणि ३० मिलिसेकंदांच्या आसपास स्नायूत एक छोटी उशिराची लाट दिसते. तिला एफ वेव्ह म्हणतात. गियाँ-बारे सिंड्रोम या नर्व्हच्या झपाट्याने वाढणाऱ्या आजाराच्या पहिल्या दिवसांत बाकी सगळं ठीक असताना कधी कधी हीच लाट लांबलेली किंवा नाहीशी झालेली सापडते.

'नॉर्मल' हा शब्दही माणसागणिक बदलतो. नवजात बाळाचा वेग प्रौढाच्या निम्मा असतो, कारण मायलिन अजून चढत असतं. ३ ते ५ वर्षांच्या वयात तो प्रौढांच्या बरोबरीला येतो. साठीनंतर तो थोडा थोडा उतरतो. उंच माणसाच्या पायातला वेग बुटक्या माणसापेक्षा जरा कमी असतो.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये बघायचं ते असं. मीडियन मोटरच्या (स्नायूंच्या) ओळीत 'डिस्टल लेटन्सी' किंवा मनगटाची लेटन्सी किती आहे ते पाहा. सेन्सरीच्या (संवेदनेच्या) ओळीत मीडियन आणि अल्नर शेजारी ठेवून वेळ आणि उंची दोन्हींची तुलना करा. दुसऱ्या हाताचे आकडे आहेत का ते बघा. हाताचं तापमान लिहिलं आहे का तेही पाहा. हे सगळं रिपोर्टमध्ये नसेल आणि फक्त कोपर ते मनगट एवढाच वेग असेल, तर तुमच्या तक्रारीचा प्रश्न त्या तपासणीला विचारलाच गेला नाही, असं मी म्हणेन. संवेदनेची तुलनात्मक चाचणी करून घ्यायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

हे सगळं झालं आणि तरीही नॉर्मल आलं, तर दोन शक्यता उरतात, आणि कुठली धरायची हे हात तपासूनच ठरतं. सौम्य कार्पल टनेलमध्ये काही जणांची तपासणी पूर्ण नॉर्मल येते. रात्री मुंग्या येऊन जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं, ही लक्षणं असतील तर बरेच डॉक्टर तेवढ्यावर मनगटाला रात्रीची पट्टी देऊन बघतात. दुसरी शक्यता मानेची. मानेत नर्व्हचं मूळ दबलं असेल तर बोट बधिर असूनही संवेदनेची लाट नॉर्मल येते, कारण त्या तंतूंच्या पेशी मणक्याच्या बाहेरच्या गाठीत असतात. दाब त्यांच्या पलीकडे, मणक्याच्या बाजूला असतो, त्यामुळे गाठीपासून बोटापर्यंतचा तंतू जिवंत राहतो. तिथे स्नायूत सुई घालून केलेली ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेची तपासणी, जास्त सांगून जाते. आणि अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसायला लागला असेल, किंवा अंगठ्याची पकड सुटत असेल, तर रिपोर्ट काहीही म्हणो, पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात दाखवून घ्या.